काशीबाई कानिटकर : कीर्ती आणि कादंबरी

गेल्या पावसाळ्यात सौंसर येथे भरलेल्या आमच्या बैठकीत काशीबाई कानिटकरांवर आम्ही पाऊण तास बोललो. जन्म २० जानेवारी १८६१, आष्टे येथील बापटांची कन्या, नवव्या वर्षी विवाह, पती गोविंद वासुदेव कानिटकर, कादंबऱ्या दोन, मृत्यू ३० जानेवारी १९४८. सारी सनावळी मुखोद्गत होती. शासकीय सेवेत टिपण्या लिहिण्यातच हयात गेल्यामुळे मांडणी मुद्देसूद झाली असावी, टाळ्याही पडल्या. नंतर चहा फिरत असता एका शिक्षिकेने विचारले, “सर, ‘रंगराव’ कशी आहे हो?” आम्ही उत्तरलो की ती १९०३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या म्हणाल्या, “ते आपण मघाशी सांगितलंत. कशी आहे, ते विचारते.”

आम्ही ती वाचलेली नव्हती. बैठकीस सत्तावीस मंडळी होती. त्यांपैकी कोणीच वाचलेली नव्हती.

या लज्जास्पद प्रसंगातून प्रस्तुत लेख निघाला आहे. कोणी म्हणेल, सीमेवरच्या वाचकाकडून याहून अधिक अपेक्षा ती काय करावयाची? १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले, आम्ही दुसऱ्यात राहिलो. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, असा आमचा संसार. आता २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी मराठी पुस्तकांचे दुकान म्हणावे असे काही झाले नाही. पुस्तकाआधी त्याची कीर्तीच आमच्यापर्यंत पोहोचते, आणि पुष्कळदा कीर्ती पोहोचल्यावर पुस्तकाची गरजच उरत नाही. परंतु चौकशी केली तेव्हा आढळले की पुण्या-नागपुराच्या आमच्या स्नेह्यांपैकीही फारच थोड्यांनी काशीबाईंची कादंबरी उघडली होती. तेव्हा दोष केवळ सीमेचा नव्हे. एखाद्या लेखिकेची कीर्ती सव्वाशे वर्षे टिकावी आणि तिची कादंबरी मात्र कोणी वाचू नये, हे कसे घडते याचा विचार केला पाहिजे.

काशीबाईंची कीर्ती मुख्यतः ‘पहिली’ या एका शब्दावर उभी आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांतून तो शब्द असतो, तसाच अभ्यासग्रंथांतूनही असतो. गंमत अशी की तो वादातीतही नाही. साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कथाकृती १८७३ ची. ती जुन्या अद्भुत वळणाची आहे म्हणून तिला कादंबरी म्हणावे की न म्हणावे, यावर पंडितांनी वाद घालावा. आमचे म्हणणे एवढेच की ‘पहिली’ हे लेखिकेचे मूल्यमापन नव्हे, ती आवक नोंदवहीतली नोंद झाली. पत्र कोणत्या दिवशी आले हे तीवरून कळते. पत्रात काय लिहिले आहे, ते कळत नाही.

‘पहिली’ नंतर कीर्तीचे दुसरे साधन म्हणजे त्यांचे आयुष्य. ते खरोखरच विलक्षण आहे. माहेरी सुबत्ता होती, पण मुलीच्या हाती अक्षर नव्हते. पतीला शिकलेली पत्नी हवी आहे हे कानी आल्यावर या मुलीने चोरून, ऐकून, अडखळत स्वतःच वाचन साधले; पुढे इंग्रजीही आत्मसात केले. गोविंदराव मुन्सफ; म्हणजे बदलीची नोकरी. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या घरात लेखन करणे काय असते, याची थोडी कल्पना आम्हांस आहे. आमच्या प्रत्येक बदलीत प्रथम पुस्तकांची पेटी हरवे आणि शेवटी सापडे. काशीबाई त्या फिरत्या संसारात मासिकांसाठी लिहीत राहिल्या, आणि स्वतःच्या नावाने लिहीत राहिल्या. ही गोष्ट लहान नव्हे. विलायतेत मेरी अ‍ॅन इव्हान्स या बाईंना जॉर्ज एलियट हे पुरुषी नाव धारण करावे लागले. आणि आपल्याकडे मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआडून.

गोविंदरावांविषयी सांगितले पाहिजे की ते केवळ कवी नव्हते. मिल्लच्या स्त्रीपरतंत्रतेवरील ग्रंथाचे मराठी रूप त्यांनी ‘स्त्रियांची परवशता’ या नावाने केले. १९०६ साली पुण्यास भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कुटुंबस्नेही हरि नारायण आपटे १९१२ साली अकोल्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच दिवाणखान्यात बसणारी तिसरी व्यक्ती मात्र त्या खुर्चीपर्यंत कधी गेली नाही. त्या खुर्चीवर पहिली स्त्री बसली ती १९६१ साली, कुसुमावती देशपांडे. आणि ते संमेलन ग्वाल्हेरास, आमच्या मध्यप्रदेशात झाले. ते काशीबाईंच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. पुढे २००१ साली विजया राजाध्यक्ष इंदूरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्राबाहेरची हवा या बाबतीत बरी असावी, असे आम्ही थोड्या अभिमानाने नमूद करतो.

हरिभाऊंचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्या छायेचाही विचार करू. वयाने काशीबाई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. दोघांचा साहित्यिक स्नेह दीर्घ आणि निर्मळ होता, पत्रव्यवहार विपुल होता. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील यमुनेच्या घरातले अंतर्गृह हरिभाऊंनी इतके अचूक रेखाटले, त्यात काशीबाईंशी झालेल्या बोलण्याचा वाटा होता, असे अभ्यासक मानतात. ते खरेच असावे. पण या सत्याचा उपयोग कसा झाला तो पाहा. काशीबाई हरिभाऊंच्या कादंबरीचे एक साधन ठरल्या. त्यांना आलेली हरिभाऊंची पत्रे हरिभाऊंच्या चरित्रकारांना उपयोगी पडली. ज्या बाईने यमुनेच्या घराची वाट दाखविली तिने स्वतः त्या घराबाहेर कोणती वाट काढली, हे विचारण्याचे कारण मराठी समीक्षेला फारसे पडले नाही.

आणि तिसरी छाया आनंदीबाई जोशी यांची. अमेरिकेहून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या तरुणीचा २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी अंत झाला. बोस्टनमध्ये कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली तिचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पाठोपाठ १८८९ साली काशीबाईंचे मराठी चरित्र आले. १९१२ साली त्याची दुसरी आवृत्तीही निघाली. हा ग्रंथ काशीबाईंचे सर्वाधिक वाचले गेलेले लेखन होय, आणि तो मान त्याला शोभतो. आनंदीबाईंची थोरवी गाताना गोपाळरावांच्या विक्षिप्तपणावर लेखिकेने पांघरूण घातलेले नाही. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे आयुष्य इतक्या जवळून आणि तरीही इतक्या सावधपणे पाहावे, असे मराठीत तोवर घडले नव्हते. पुढे श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, तिच्यावर नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही झाला. आनंदीबाई घरोघरी पोहोचल्या. त्यांची कथा मराठीत प्रथम सांगणारी मात्र तळटीपेत राहिली.

इतके सांगून झाल्यावर आता त्या शिक्षिकेच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे.

‘रंगराव’ विषयी थोडक्यात सांगतो. ती मासिकातून क्रमशः आलेली आणि नंतर पुस्तक झालेली कादंबरी आहे, आणि क्रमशः लिहिण्याचे गुणदोष तिला चिकटले आहेत. नाव पुरुषाचे; वळण त्या काळच्या बोधप्रधान सामाजिक कथेचे. ती वाचताना आम्हांस लेखिकेविषयी आदर वाटला, आनंद मात्र बेताचा झाला. हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. नाहीतर उपेक्षेची भरपाई अतिस्तुतीने करण्याची जी नवी रीत पडली आहे, तीत आमचीही भर पडावयाची.

‘पालखीचा गोंडा’ ची गोष्ट निराळी. तिची छायाप्रत नागपूरच्या एका स्नेह्याने पाठविली, तेव्हा पाने फिकट होती आणि आमची दृष्टी त्याहून फिकट; तरी चार रात्रींत ती संपविली. पुस्तक १९२८ चे आहे. काशीबाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाच्या. या वयात माणसे आठवणी लिहितात. काशीबाईंनी एक राज्य कल्पिले.

एका मुलीचे लग्न फसवणुकीने एका संस्थानिकाशी लावले जाते. नवरा मतिमंद आहे. मुलीच्या नशिबी पालखी आली म्हणून लोक तिचे भाग्य वाखाणतात. आत बसलेलीच्या हाती मात्र धरायला एक गोंडा तेवढा असतो. पालखी कोठे जाणार हे भोयांनी ठरवायचे. शीर्षकाचा हा अर्थ आम्ही लावला. तो लेखिकेला मान्य व्हावा असे वाटते. पुढची कहाणी त्या गोंड्याच्या आधाराने पालखी वळविण्याची आहे. ही राणी रडत बसत नाही, सती-सावित्रीच्या वाटेने पतीच्या बुद्धीसाठी व्रतेही मांडत नाही. ती राज्यकारभार हाती घेते, आणि स्त्रियांना शिक्षण, काम व अधिकार मिळेल अशी संस्थानाची घडी बसविते.

आमच्यासारख्या जुन्या कारकुनी पिंडाच्या वाचकाला या कादंबरीत प्रथम जाणवते ती ही की लेखिकेला सत्तेचे आकर्षण आहे आणि त्याची तिला लाज नाही. त्या काळच्या सुधारणावादी कथांत स्त्रीची सुटका कोणीतरी करतो. सुशिक्षित पती, उदार भाऊ, आश्रम चालविणारे सद्गृहस्थ. स्त्रीने कृतज्ञ असावयाचे. काशीबाईंच्या नायिकेला कृतज्ञतेपेक्षा सही-शिक्क्याचे महत्त्व अधिक कळते. सुधारणा मतपरिवर्तनाने होते की हुकुमाने, हा वाद न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून चालला होता; कादंबरीचा कौल हुकुमाच्या बाजूला आहे. येथेच तिचा दुबळेपणाही आहे. हुकूम निघतो आणि अंमल होतो. आम्ही सेवेत असता हुकूम निघाल्यावरच खरी कथा सुरू होत असे. अधले-मधले अधिकारी, गावचे मातबर, पैशाची तंगी यांचा अडथळा या राज्यात फारच थोडा जाणवतो. संवादही पुष्कळदा भाषणाकडे झुकतात.

परंतु याच दोषाच्या संदर्भात मराठी समीक्षेचा एक दुटप्पीपणा दाखविला पाहिजे. वामन मल्हार जोशींच्या ‘रागिणी’ त पानेच्या पाने तत्त्वचर्चा चालते; तिला आपण ‘विचारप्रधान कादंबरी’ म्हणतो आणि ते योग्यच आहे. डॉ. केतकरांच्या कादंबऱ्यांत कथानक वारंवार बाजूला सारून समाजशास्त्र बोलू लागते. त्यांना आपण ‘बौद्धिक प्रयोग’ म्हणतो. तोच प्रकार काशीबाईंकडे आला की ‘बोधवादी’ म्हणून एका वाक्यात निकाल लागतो. मोजमापाची काठी दोन्हीकडे एकच असावी, एवढीच आमची विनंती आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की हे सारे अवास्तव आहे, स्वप्नरंजन आहे. कल्पित राज्याची कथा जगात अन्यत्र कोणी कशी लिहिली ते पाहू. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तीत पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया विज्ञानाच्या बळावर राज्य चालवितात. अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिल्मन यांनी १९१५ साली ‘हरलँड’ मध्ये केवळ स्त्रियांचाच देश कल्पिला. या दोन्ही कृतींना आज मोठा मान आहे, आणि त्यांना अवास्तव म्हणून कोणी बाजूला सारीत नाही. काशीबाईंची वाट या दोघींहून वेगळी आणि आमच्या मते अधिक अवघड आहे. रुकैयांनी पुरुष कोंडले, गिल्मनबाईंनी वगळले. काशीबाईंनी त्यांना जागच्या जागी ठेवले. नवरा आहे, सासर आहे, दरबार आहे, आणि तेथूनच आरंभ करावयाचा आहे.

शिवाय हे राज्य खरोखर तितके आकाशातले होते काय? आमची नोकरीची बरीच वर्षे भोपाळास गेली. त्या भोपाळवर १८१९ पासून १९२६ पर्यंत चार पिढ्या बेगमांनी राज्य केले: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. शेवटच्या सुलतान जहान बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या. त्यांनी गादी सोडली १९२६ साली, आणि ‘पालखीचा गोंडा’ आली १९२८ साली. माहेश्वरच्या अहल्याबाई तर मराठी मनाला परक्या नाहीतच. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू केले होते, आणि तेही हुकुमानेच. काशीबाईंनी इकडची राणी, तिकडचा हुकूम, अशा पाहिल्या-ऐकलेल्या वस्तूच जोडल्या. कादंबरीतले संस्थान हे त्या अर्थाने माळव्यात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी कोठेही असू शकले असते.

मग ती वाचली का गेली नाही? काळ प्रतिकूल होता, हे एक कारण. १९२८ पर्यंत फडक्यांच्या सफाईदार प्रणयकथांची गोडी वाचकाला लागली होती. त्यापुढे मागल्या शतकात घडलेल्या लेखिकेची मांडणी जुनाट वाटणारच. पण हे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्याच १९२८ साली पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली, आणि ती आजही अभ्यासली जाते. त्याआधी १९१० साली रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आल्या होत्या. पुढे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. या पुस्तकांवर मराठी माणसाने अपार प्रेम केले. आम्हीही केले आहे. परंतु यादी नीट पाहावी. आपण ज्यांना डोक्यावर घेतले त्या साऱ्या स्त्रियांनी घडलेले सांगितले आहे. घरात काय सोसले, नवरा कसा होता, अक्षर कसे गिरविले. स्त्रीची आठवण आपल्याला प्रमाण वाटते. तिने न घडलेले काही कल्पिले, आणि तेही नात्यागोत्याचे नव्हे तर राज्याचे, की आपण पान उलटतो. खुद्द काशीबाईंचे तसेच झाले. १९७९-८० च्या सुमारास सरोजिनी वैद्यांनी त्यांचे आत्मचरित्र आणि चरित्र एकत्र सिद्ध करून मोठेच उपकार केले. २००८ साली मीरा कोसंबी यांनी इंग्रजीतून त्यांच्या लेखनाकडे जगाचे लक्ष वेधले. पण सामान्य वाचकाने त्यातूनही उचलले ते आयुष्यच. कादंबरी पुन्हा बाजूलाच राहिली.

हा प्रकार एकट्या मराठीचा नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मिसेस ऑलिफंट या बाई इंग्लंडात अतिशय लोकप्रिय होत्या. वैधव्यात स्वतःची मुले आणि पुढे भावाचेही कुटुंब लेखणीवर पोसताना त्यांनी शंभराच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. १८९७ साली त्या वारल्या आणि १८९९ साली त्यांचे आत्मवृत्त निघाले. आज त्यांचे नाव काढणारे बहुधा त्या आत्मवृत्तासाठी काढतात. शंभर कादंबऱ्या बुडाल्या आणि एक दुःख तरंगले. ऑलिफंटबाईंच्या बाबतीत निदान असे म्हणता येते की इतके लिहिल्यावर काही बुडणारच. काशीबाईंच्या तर दोनच आहेत.

उत्तरायुष्यात काशीबाई थिऑसफीकडे ओढल्या गेल्या होत्या. त्यांचे निधन ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. त्या संध्याकाळी दिल्लीहून जी वार्ता आली तिच्यापुढे देशाला दुसरे काही ऐकू येणे शक्यच नव्हते.

काशीबाईंच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘चांदण्यातील गप्पा’ असे आहे. ते वाचून आम्हांस आमच्या थोरल्या आत्याबाई आठवल्या. बालपणी विधवा होऊन त्या पांढुर्ण्यास माहेरी परतल्या आणि जाम नदीच्या काठच्या आमच्या जुन्या घरात त्यांची सत्तर वर्षे गेली. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात शेजारच्या बायका जमत आणि आत्याबाई गोष्टी रचून सांगत. पोथीतल्या नव्हेत, स्वतःच्या. एका गोष्टीत गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांच्या बायका नदीत उतरून उभ्या राहतात आणि झेंड्याचा पळस स्वतःच उपटून नेतात. पुढे वर्षभर दोन्ही गावांचा कारभार त्याच पाहतात. कोणाला किती कर, कोणाच्या मुलीला शाळा, असे त्यात पुष्कळ असे आणि बायका हसून लोटपोट होत.

१९९८ साली आम्ही रजा काढून आत्याबाईंपाशी आठ दिवस बसलो आणि त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. जुने लग्नसमारंभ, प्लेगचे ऐकीव दिवस, संत्र्यांच्या पहिल्या बागा, मोफत सोबतीला मिळणारे वैधव्य. या आठवणी पुढे आमच्या हातून छापूनही झाल्या आणि त्यांचे कौतुक झाले. लिहून घेताना एकदा त्या म्हणाल्या, “अरे, नदीवाली गोष्ट घेतली का?” आम्ही म्हणालो, “आत्याबाई, ती खरी नाही ना. खरं तेवढंच घेऊ.” त्या हसल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या.

ती वही परवा काढून पाहिली. शेवटच्या पानाच्या समासात आमच्याच अक्षरात ‘नदीची गोष्ट – सोडली’ एवढी नोंद आहे. आत्याबाई २००३ साली गेल्या. वर जे चार ओळींत दिले आहे, त्याहून त्या गोष्टीतले आम्हांस आता काही आठवत नाही. ‘पालखीचा गोंडा’ ची छायाप्रत मात्र त्या शिक्षिकेकडे वाचावयास दिली आहे. पुढील बैठकीत बोलण्याचे त्यांनी मान्य केले आहे.